पिवळ्या पिशवीत जाणारा तुकडा : डॉक्टर झालेल्या माझ्या विद्यार्थ्यांना खुले पत्र

प्रिय डॉक्टरमंडळी,

एकतीस वर्षं मी बारावीला केमिस्ट्री शिकवली. तुमच्यातले साठ-सत्तर जण तरी आज डॉक्टर असतील, असा माझा अंदाज आहे. लग्नाच्या पत्रिका आणि दवाखान्यांच्या उद्घाटनाची निमंत्रणं मोजून काढलेला. हाडांचे आहेत, हृदयाचे आहेत, दोघी पॅथॉलॉजीत आहेत, एक जण भूल देतो. हे पत्र तुम्हाला आहे आणि तुमच्यामार्फत तुमच्या सहकाऱ्यांनाही. खुलं अशासाठी की एकेकाला लिहिलं तर "मॅडम, या की एकदा निवांत" म्हणून तुम्ही विषय गुंडाळाल.

मागणी आधीच सांगून टाकते. साठीच्या पुढच्या माणसाचं कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचं ऑपरेशन करताना, विशेषतः दोन्ही हातांना त्रास असेल तर, कंडरांभोवतीच्या जाड झालेल्या आवरणाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवा आणि त्यावर काँगो रेड या रंगाची तपासणी करायला सांगा. तो दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकू नका. बस, एवढंच. का ते आता ऐका, मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, साखर कारखान्यात फिटर होता. सहासष्टाव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताला रात्री मुंग्या यायला लागल्या. झोपेतून उठून हात झटकत बसायचा. शर्टाचं वरचं बटण वहिनीकडून लावून घ्यायची पाळी आली, आणि ज्या माणसाने आयुष्यभर मिलिमीटरच्या हिशेबात नटबोल्ट बसवले त्याला ते किती लागलं असेल हे तुम्हाला सांगायला नको. ऑपरेशन झालं. आठ महिन्यांनी डाव्या हाताचंही झालं. सर्जन म्हणाले, "जन्मभर पाने फिरवलेत, मग होणारच." सगळ्यांना पटलं. पाना खाली ठेवून सहा वर्षं झाली होती, हा हिशेब कुणी केला नाही. मीही नाही. डिस्चार्ज कार्डावर जाड झालेलं आवरण काढल्याची नोंद आहे, आणि बायोप्सीच्या रकान्यात एक आडवी रेघ.

सत्तरीला कंबर गेली. शंभर पावलं चाललं की पाय भरून यायचे. मणक्यातली जागा अरुंद झाली म्हणाले. बहात्तराव्या वर्षी पाण्याची बादली उचलताना दंडात कट्ट झालं आणि बेटकुळी खाली घसरली. त्याची तर आम्ही थट्टा केली. मग बीपीच्या गोळ्या सोसेनात. वीस वर्षं घेतलेल्या गोळ्यांनी उठल्यावर चक्कर यायला लागली, म्हणून कमी करत करत बंद केल्या. वहिनीने गणपतीला नारळ वाढवला, बीपी बरं झालं म्हणून. तळपाय बधिर होते, त्याचं खापर काठावरच्या शुगरवर फुटलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी धाप आणि पायावर सूज. इकोत हृदयाच्या भिंती जाड, पंपिंग मात्र ठीक. फायलीत शेरा पडला : वयोमानानुसार.

हाताची फाईल एका दवाखान्यात, मणक्याची दुसऱ्या, हृदयाची तिसऱ्या. नावं मी घेणार नाही, कारण चूक एकट्यादुकट्याची नव्हती. सगळ्या फायली एकत्र होत्या त्या फक्त वहिनीच्या कापडी पिशवीत.

सत्त्याहत्तराव्या वर्षी एका तरुण डॉक्टरणीने इकोचा रिपोर्ट आणि ईसीजीची पट्टी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. इकोत भिंत १६ मिलिमीटर, आणि ईसीजीच्या रेघा बुटक्या. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "एवढा जाड स्नायू असेल तर रेघा उंच यायला पाहिजेत. हा स्नायू नाही. मध्ये काहीतरी भरलंय." मग मान वर करून तिने विचारलं, "आजोबा, हातांचं ऑपरेशन झालंय का कधी?"

दादाने दोन्ही मनगटं तिच्यापुढे उताणी धरली.

आधी तिने रक्त-लघवीच्या तपासण्या करून लाइट चेनचा, म्हणजे मज्जेतल्या पेशींमुळे होणारा असाच दुसरा आजार नाही ना, याची खात्री केली. मग न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नेशियम पायरोफॉस्फेटचा स्कॅन झाला. आवर्त सारणीतला ४३ नंबर आठवतोय? एकही स्थिर समस्थानिक नसलेलं, म्हणजे किरणोत्सारी मूलद्रव्य. दादाला काळजी नातवंडांची : "हे अंगात घेऊन घरी गेलो तर पोरांना काही होणार नाही ना?" मी फाईलच्या मागे गणित मांडलं. अर्धायुष्य सहा तास, चोवीस तासांत चार अर्धायुष्यं, उरला सोळावा हिस्सा. तुम्हाला प्रत्येक चाचणीत घातलेलं हेच गणित मला त्या बाकावर बसून करावं लागेल असं वाटलं नव्हतं. काही तासांनी चित्र आलं. हाडांत जाणारा पदार्थ, पण बरगड्या फिकट आणि त्यांच्यामागे हृदय लख्ख. निदान झालं : ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस.

आता तुमच्यातल्या एका महाशयांकडे वळते. ते आज ऑर्थोपेडिक सर्जन आहेत. कायनेटिक्सच्या, म्हणजे रासायनिक क्रियांच्या वेगाच्या धड्याला त्यांनी उभं राहून विचारलं होतं, "मॅडम, हे डॉक्टरकीत कुठं लागतंय?" मी म्हणाले होते, "परीक्षेत लागतंय, बस खाली." उत्तर चुकीचं होतं. दुरुस्त करते.

ट्रान्सथायरेटिन हे यकृतात तयार होणारं साधं, कामसू प्रथिन. थायरॉक्सिनची ने-आण करतं आणि अ जीवनसत्त्वाच्या वाहकालाही सोबत घेऊन फिरतं. १२७ अमिनो आम्लांची एक साखळी, अशा चार साखळ्या एकमेकींना धरून बसलेल्या. ही चौकडी आहे तोवर सगळं ठीक. ती फुटली की सुट्या साखळ्यांची घडी उसवते, उसवलेल्या साखळ्या एकमेकींवर थर लावतात, आणि त्यांचे न विरघळणारे धागे मनगटात, मणक्याच्या अस्थिबंधात, कंडरांत, शेवटी हृदयाच्या स्नायूत साचतात. हे धागे म्हणजे अमायलॉइड.

कुंभार्ली घाट मी फळ्यावर काढायचे तो आठवा. कराड उंचावर, चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला. गाडीला खालीच जायचं आहे, हे झालं थर्मोडायनॅमिक्स. पण कराडच्या स्टँडवर ब्रेक काढलेली एस्टी घरंगळत चिपळूणला पोचत नाही. आधी पाटण, कोयनानगर करत चढावं लागतं, घाटमाथा गाठावा लागतो, मग उतार. तो चढ म्हणजे ॲक्टिव्हेशन एनर्जी. हिऱ्याचं ग्रॅफाइट व्हायला थर्मोडायनॅमिक्सची परवानगी असते, तरी आजीच्या कुडीतला हिरा काळा पडत नाही, तो या चढामुळे. आपल्या अंगातली प्रथिनंही अशीच आहेत. तेव्हा ऑक्सफर्डमध्ये असलेले रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर डॉब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की कुठल्याही रोगाशी संबंध नसलेलं प्रथिनसुद्धा योग्य परिस्थितीत अमायलॉइडचे धागे बनवतं. म्हणजे चिपळूण सगळ्यांसाठीच खाली आहे. आपण वरती टिकून आहोत ते घाटाच्या भरवशावर.

ट्रान्सथायरेटिनच्या बाबतीत घाटमाथा म्हणजे चौकडी फुटण्याची पायरी. सगळ्या प्रक्रियेचा वेग तीच ठरवते. रेट डिटर्मिनिंग स्टेप म्हणून मी तुमच्याकडून दहा-दहा वेळा लिहून घेतलं ते हेच. हे ज्यांनी मोजून काढलं ते जेफ्री केली हेही रसायनशास्त्रज्ञच. चौकडीत थायरॉक्सिन धरायच्या दोन जागा असतात आणि रक्तात त्या बहुतेक रिकाम्याच राहतात. तिथे चपखल बसून चौकडी धरून ठेवेल असा छोटा रेणू केलींच्या प्रयोगशाळेत शोधला गेला, तो म्हणजे टॅफामिडिस हे औषध.

इथे जनुकशास्त्राची गोष्ट मला औषधाहून सुंदर वाटते. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात कोरिनो द आंद्रादे या न्यूरॉलॉजिस्टला १९३९ पासून पोव्होआ द वार्झिम भागातल्या कोळी कुटुंबांतले रोगी दिसू लागले. भर तारुण्यात पाय बधिर, मग लुळे. गावात त्याला पायांचंच दुखणं म्हणत. १९५२ मध्ये आंद्रादेंनी हा वेगळा, घराण्यात चालणारा आजार असल्याचं मांडलं. पुढे कारण सापडलं : ट्रान्सथायरेटिनच्या साखळीतल्या ३० व्या जागेवर व्हॅलिनऐवजी मेथायोनिन. पण काही जण असे निघाले की त्यांच्याकडे हा दोष असूनही आजार सौम्य किंवा नाहीच. त्यांना दुसऱ्या पालकाकडून ट्रान्सथायरेटिनची वेगळी प्रत आली होती, ११९ व्या जागेवर थ्रिओनिनऐवजी मेथायोनिन असलेली. एक बदल मारतो, दुसरा वाचवतो. केलींच्या गटाने मोजलं तेव्हा कळलं की ११९ चा बदल चौकडी फुटण्याचा वेग कमालीचा कमी करतो.

फळ्यावरच्या भाषेत सांगायचं तर ११९ च्या बदलाने घाटमाथाच उंच केला. टॅफामिडिसने माथ्याला हात न लावता कराड आणखी खोल नेलं. चढ दोन्हीकडे वाढला. हे वाक्य लिहिताना, खरं सांगते, निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला वर्गात उभं राहावंसं वाटलं.

उलट उदाहरणही आहे. १२२ व्या जागेवर व्हॅलिनचं आयसोल्युसिन झालं की चौकडी लवकर फुटते. दोघांत फरक किती? एक कार्बन, दोन हायड्रोजन. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांमध्ये ३ ते ४ टक्के लोकांकडे हा बदल असतो आणि साठीनंतर तो हृदयावर येऊ शकतो.

दादाची जनुक तपासणी झाली. निकाल येईपर्यंतचे तीन आठवडे वहिनी देवासमोरून हलली नाही. "पोरांना तर नाही ना हो?" हे तिने मला रोज विचारलं, आणि मी रोज तेच सांगितलं : दोष असेल तर प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी, पण या वयात बहुधा दोष नसतोच. नव्हताच. प्रथिन अगदी पाठ्यपुस्तकातलं. फक्त सत्तर-पंच्याहत्तर वर्षं घाटावरून रोज थोड्या थोड्या गाड्या उतरत राहिल्या आणि चिपळुणात जागा उरली नाही. हा प्रकार मुख्यतः साठीनंतरच्या पुरुषांत दिसतो. त्याचं जुनं वैद्यकीय नाव 'सेनाइल' शब्दाने सुरू व्हायचं. म्हातारपणाचा म्हटलं की पुढे बघायची गरज राहत नाही, नाही का? फिनलंडमध्ये ८५ वर्षांपुढच्या लोकांच्या शवविच्छेदनांत साधारण चौघांत एकाच्या हृदयात हे साठे सापडले, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. साठे असणारा प्रत्येक जण आजारी असतो असं नाही. पण आजारी असणाऱ्याला 'वय झालं' म्हणून घरी पाठवणंही बरोबर नाही.

मनगटाचा तुकडा कशाला, ते आता लक्षात आलं असेल. हृदयाची लक्षणं दिसण्याआधी पाच-दहा वर्षं हा आजार हातात येऊन गेलेला असू शकतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या मंडळींनी कार्पल टनेलच्या ऑपरेशनमध्ये ९८ जणांचे तुकडे तपासले. पुरुष पन्नाशीचे आणि पुढचे, बायका साठीच्या आणि पुढच्या. १० जणांत अमायलॉइड निघालं : ७ जणांत ट्रान्सथायरेटिनचं, २ जणांत लाइट चेनचं, एकाचा प्रकार ठरला नाही. दोघांच्या हृदयापर्यंत आजार पोचला होता. आणि ही माणसं आली होती हाताला मुंग्या येतात म्हणून.

त्या दोन लाइट चेनवाल्यांकडे नीट बघा. तो आजार मज्जेतल्या पेशींचा. केमोथेरपी लांबली तर माणूस काही महिन्यांत जाऊ शकतो. म्हणून "औषध महाग आहे, मग निदान करून काय उपयोग?" हा प्रश्न मला कुणी विचारू नये. मला तो विचारला गेला आहे, आणि डॉक्टरकडूनच.

औषध महाग आहे, हे मात्र खरं. टॅफामिडिस २०१९ मध्ये अमेरिकेत हृदयाच्या आजारासाठी मंजूर झालं तेव्हा वर्षाची किंमत २,२५,००० डॉलर होती. रेणू डोळ्यांसमोर आणला तर तुम्हाला हसू येईल, बेंझॉक्साझोलच्या सांगाड्याची एवढीशी वस्तू. त्याआधी ४४१ रुग्णांवर ३० महिने चाचणी झाली होती. औषध घेणाऱ्यांत २९.५ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत ४२.९. पण मृत्यूंतला फरक दिसायला दीड वर्षाच्या आसपास वेळ गेला, आणि ज्यांचा आजार पुढे गेला होता त्यांना फायदा कमी. जे साचलं ते हे औषध उपसून काढत नाही, नवी भर कमी करतं. म्हणजे सहासष्टाव्या वर्षी कळणं आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी कळणं यांत अकरा वर्षांची भर आली. डायफ्लुनिसल नावाची जुनी वेदनाशामक गोळीही त्याच जागी जाऊन बसते. २०१३ मध्ये १३० रुग्णांच्या चाचणीत तिने नसांचा ऱ्हास मंदावल्याचं दिसलं. पण मूत्रपिंडावर आणि पोटावर तिचा ताण पडतो, तेव्हा हे वाचून कुणी नातेवाइकाने मेडिकलमध्ये विचारत फिरू नये.

आणि औषध बाजूला ठेवा. नुसतं नाव कळल्यानं दादाचं काय बदललं ते बघा. नाडी मंद ठेवणारी गोळी त्याला आणखी थकवत होती. ती कमी झाली. ताठ झालेल्या हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता येत नाही, ते ठोक्यांची संख्या वाढवूनच निभावतं, मग ती संख्या आपणच का दाबायची? हृदयाची लय बिघडली होती, त्यासाठी रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं. पाणी काढणाऱ्या गोळीचा डोस रोजच्या वजनावर ठरायला लागला. वहिनी सकाळी वजनकाट्याचा आकडा कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी. यातलं एकही औषध परदेशातून मागवावं लागलं नाही.

तुमच्यातले जे संशोधनात आहेत त्यांना एक जास्तीचं काम. गोवंडीच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने वृद्धांच्या देशव्यापी पाहणीत घरोघरी जाऊन पंचेचाळिशीपुढच्या हजारो लोकांच्या हाताची पकड यंत्राने मोजली आहे. जिनोम इंडियाने १०,००० भारतीयांचे जिनोम वाचून जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुले केले. माहिती फरिदाबादच्या केंद्रात आहे. अठराव्या गुणसूत्रावरचं ट्रान्सथायरेटिनचं जनुक त्यात काढून बघणं हा एम.एस्सी.च्या प्रकल्पाएवढा विषय आहे. हात मोजणारे, जनुकं वाचणारे आणि हृदयं तपासणारे एकाच चहाच्या टेबलावर बसत नाहीत, एवढीच अडचण. चहा मी पाजते.

हृदयवाल्यांनो, तुम्हाला वेगळं काय सांगू? जाड भिंत, बुटकी रेघ, आपोआप 'बरं' झालेलं बीपी. रोग्याची मनगटं उताणी करून बघायला सोनोग्राफीचा जेल लागत नाही.

पॅथॉलॉजीतल्या दोघींना आपल्या लॅबमधलं तिसरं कपाट आठवेल. वरच्या फळीवर काँगो रेडची बाटली असायची. आम्लात टाकलं की निळं होतं म्हणून मी दाखवायचे. मुळात तो सुती कापडाचा रंग, १८८० च्या दशकातला. तोच अमायलॉइडवर चढतो आणि ध्रुवित प्रकाशात हिरवा चमकतो. 'अमायलॉइड' हे नाव मात्र चुकून पडलं. १८५४ मध्ये जर्मन पॅथॉलॉजिस्ट विरशाव यांनी आयोडिन टाकलं, रंग बदलला, त्यांना वाटलं पिष्ट आहे. पाच वर्षांत डॉक्टर फ्रीडरायख आणि केमिस्ट केकुले यांनी ते पिष्ट नसून प्रथिनासारखं असल्याचं दाखवलं. हो, बेंझीनच्या कड्याचे तेच केकुले. तेव्हासुद्धा डॉक्टरच्या शेजारी एक केमिस्ट उभा होता.

तेव्हा कृती लिहून घ्या. झाकणाची छोटी बाटली, दहा टक्के फॉर्मॅलिन, नाव, वय, कुठला हात. फॉर्मवर 'काँगो रेड करावे' असं स्वतःच्या अक्षरात लिहा, नाहीतर नेहमीचा रंग देऊन 'विशेष काही नाही' म्हणून कागद परत येईल. निघालंच अमायलॉइड, तर कुठल्या प्रथिनाचं ते ठरल्याशिवाय औषधाचं नाव काढू नका. आणि नाही निघालं, तर रोग्याला तसं सांगून टाका. त्याचीही किंमत असते.

तुमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम

ता. क. दादाला हे वाचून दाखवलं. त्याची एकच दुरुस्ती आहे : फिटर नव्हे, हेड फिटर.